करार संपत आलेल्या ज्येष्ठ हॉकीपटूचा ट्रेड-भाव ठरवताना या चुका टाळा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख, जवळ आली, की ज्याचा करार त्या हंगामाबरोबर संपणार आहे अशा ज्येष्ठ खेळाडूच्या बदल्यात पहिल्या फेरीची ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक निवडप्रक्रियेतला एक हक्क), एक होतकरू खेळाडू आणि वर आणखी काहीतरी सहज मिळेल, असे हिशेब चाहते मांडू लागतात. प्रत्यक्ष सौदा जाहीर झाल्यावर तेच चाहते व्यवस्थापकाला दोष देतात, पण चूक बहुधा हिशेबातच असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कारकिर्दीचा भाव मागणे. पॅट्रिक केनने शिकागोसाठी तीन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, जिंकले होते. तरीही फेब्रुवारी २०२३ अखेरीस तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला, तेव्हा शिकागोच्या हाती प्रामुख्याने दुसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या पिक पडल्या. त्याच्या करारात नो-मूव्हमेंट कलम होते, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवता येत नव्हते, आणि त्याला रेंजर्सकडेच जायचे होते. गिऱ्हाईक एकच असेल आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर विकणाऱ्याने घासाघीस कोणाच्या जोरावर करायची? शिवाय केनच्या कंबरेच्या सांध्याचे दुखणे लपून राहिलेले नव्हते. त्याच उन्हाळ्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

मात्र एकच गिऱ्हाईक म्हणजे मातीमोल भाव, असा उलटा निष्कर्ष काढणे हीदेखील चूकच आहे. मार्च २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्लोद जिरू यालाही फ्लोरिडा पँथर्सकडेच जायचे होते. तरी फिलाडेल्फियाला ओवेन टिपेट, पहिल्या फेरीची सशर्त पिक आणि तिसऱ्या फेरीची पिक मिळाली. १९९६ नंतर प्लेऑफची (हंगामाअखेरच्या बाद सामन्यांची) एकही मालिका न जिंकलेल्या फ्लोरिडाला त्या वर्षी कमालीची घाई होती, आणि फिलाडेल्फियाने जिरूच्या पगाराचा निम्मा भार स्वतःकडे ठेवला होता. टिपेटने पुढच्याच हंगामात २७ गोल केले.

पगाराचा हा भाग चाहते सर्वाधिक दुर्लक्षितात, आणि भाव खरा तिथेच ठरतो. डेडलाइनला विजेतेपदाचे बहुतेक दावेदार संघ सॅलरी कॅपला, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेला, टेकलेले असतात. विकणारा संघ निम्म्यापर्यंत पगार राखू शकतो, म्हणजे त्याचा भार स्वतःकडे ठेवू शकतो, आणि २०२४-२५ च्या हंगामापर्यंत मध्यस्थ म्हणून तिसरा संघ लगेच उरलेल्याचा निम्मा राखू शकत असे. सेंट लुईसच्या रायन ओ'रायलीची कॅप हिट, म्हणजे सॅलरी कॅपमध्ये धरली जाणारी वार्षिक रक्कम, ७५ लाख डॉलर होती. २०२३ मध्ये तो टोरांटोकडे गेला, तेव्हा मिनेसोटाला मध्ये घेतल्याने टोरांटोच्या खात्यावर फक्त १८ लाख ७५ हजार डॉलर पडले. या मध्यस्थीचे मोल मिनेसोटाने चौथ्या फेरीच्या पिकच्या रूपाने घेतले. हे मोल वजा न करता मांडलेला हिशेब फुगलेलाच निघतो.

सशर्त पिक ही खात्रीची पिक समजू नये. केनच्या सौद्यातली दुसऱ्या फेरीची पिक, रेंजर्स कॉन्फरन्स फायनलला (प्लेऑफच्या उपांत्य फेरीला) पोहोचले असते तर पहिल्या फेरीची होणार होती. ते प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत न्यू जर्सीकडून हरले. उलट, मार्च २०२५ मध्ये बॉस्टनने ३६ वर्षांचा, त्या वेळी दुखापतग्रस्त असलेला ब्रॅड मार्शांद फ्लोरिडाला दिला, तेव्हा केवळ दुसऱ्या फेरीची सशर्त पिक मिळाल्याची टीका झाली. फ्लोरिडा विजेता ठरला आणि अट पूर्ण होऊन ती पिक पहिल्या फेरीची झाली. त्यानंतर मार्शांदने फ्लोरिडाशीच सहा वर्षांचा करार केला, पण मार्चमधला भाव काढताना असल्या शक्यतेला किंमत देऊ नये. विकत घेतले जातात ते उरलेले काही आठवडे आणि प्लेऑफ.

एवढे करूनही आकडा जुळत नसेल, तर आपण कोणत्या वर्षाचा दाखला घेतला आहे ते तपासावे. २०२५-२६ च्या हंगामापासून एकदा पगार राखल्यावर नियमित हंगामाचे ७५ दिवस उलटल्याखेरीज त्याच कराराचा पगार पुन्हा राखता येत नाही. त्यामुळे डेडलाइनच्या तोंडावर ओ'रायलीसारखा तिहेरी सौदा एका दिवसात उरकण्याची वाट आता बंद झाली आहे.