टेंडनवर व्हायब्रेटर ठेवण्याआधी

न्यूरो फिजिओथेरपीत नव्याने आलेल्यांच्या हाती मी व्हायब्रेटर देते तो पेशंटसाठी नाही. आधी एकमेकांवर करून बघा, असं सांगते.

एकाने डोळे मिटून बसायचं, कोपर टेबलावर टेकवून हात सैल सोडायचा. कोपराच्या घडीत बायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बोटांनी चाचपून त्यावर साधारण 80 हर्ट्झचं व्हायब्रेशन धरायचं. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग हात आपसूक, हळूहळू वर येऊ लागतो. हा टॉनिक व्हायब्रेशन रिफ्लेक्स. हागबार्थ आणि एक्लुंड या संशोधकांनी 1966 मध्ये स्वीडनमध्ये त्याचं वर्णन केलं. आता तोच हात मनगटाशी रोखून धरा आणि 'हा कुठे आहे ते दुसऱ्या हाताने दाखव' म्हणा. दुसरा हात सरळ होत जातो! स्पिंडलमधले (स्नायूतला ताण ओळखणाऱ्या भागातले) वन-ए हे संवेदना नेणारे तंतू चेतवले गेलेत, त्यामुळे स्नायू ताणला जातोय असंच मेंदूला वाटतं.

उभ्या माणसावर करताना मात्र सांभाळा. टाचेच्या वरच्या अकिलिस टेंडनवर व्हायब्रेशन दिलं की मेंदूला वाटतं, शरीर पुढे झुकलंय. ते सावरायला माणूस मागे जातो. डोळे मिटलेले असतील तर चांगलाच जातो. म्हणून आधार द्यायला पेशंटच्या मागे उभं राहायचं. पार्किन्सनच्या पेशंटच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

काही निरोगी माणसांत टॉनिक व्हायब्रेशन रिफ्लेक्स दिसतच नाही. त्यामुळे 'आला नाही' एवढ्यावर निदान लिहिणं मला मुळीच पटत नाही. दोन्ही बाजूंची तुलना करा, आकुंचन किती वेळाने सुरू झालं, पेशंटला ते मनाने थांबवता येतं का, हे बघा. निरोगी माणसात व्हायब्रेशन चालू असताना एच-रिफ्लेक्स (नसेला विजेचा हलका झटका दिल्यावर स्नायूत उमटणारा प्रतिसाद) दबतो. स्पास्टिसिटीत, म्हणजे मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेने स्नायू ताठर झालेले असताना, तो तितका दबत नाही. रायटर्स क्रॅम्पमध्ये, म्हणजे लिहिताना बोटं आखडण्याच्या विकारात, तर पेन हातात नसतानाही व्हायब्रेशनने बोटं तशीच आखडू शकतात. संशोधक काजी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे दाखवलं; स्नायूत लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर ते आखडणं कमी झालं. दोष फक्त हालचालीच्या आज्ञेत नसतो, स्नायूकडून येणाऱ्या संवेदनेचाही त्यात वाटा असतो, हे मला यातून खरं उमगलं.

फाइलमध्ये फ्रिक्वेन्सी, टेंडनची जागा, डोळे उघडे की मिटलेले आणि मानेची स्थिती लिहा. मान वळलेली असेल तर उभ्या माणसाच्या झोलावरही परिणाम होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी तुलना करताना ती नोंद नसली तर काहीच सांगता येत नाही.