विमानतळ, बुलेट ट्रेन आणि माझे अकरा मीटर

‘नगर नियोजनात यायचंय, काय शिकू?’ असं बेलापूरच्या टपरीवर नवी पोरं विचारतात. मी म्हणतो, आधी सातबारा वाचायला शिका. चेहरे पडतात. त्यांना उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाच्या टर्मिनलसारखे कमळाकृती खांब काढायचे असतात.

मीही तसाच आलो होतो. एम. प्लॅन करून एका सल्लागार कंपनीत लागलो. पहिलं काम ठाणे तालुक्यातलं. गावाचा गटनकाशा उपग्रहचित्रावर बसवायचा आणि बुलेट ट्रेनच्या पट्ट्यात येणाऱ्या गटांची यादी द्यायची. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर दुपारभरात उरकलं. संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर एक आजोबा नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, माझी विहीर शेजाऱ्याला दिलीत का?”

दिली होती खरी. तीनच खुणांवर नकाशा बसवलेला, त्यातली एक रस्त्याचा कोपरा, आणि तो रस्ता मधल्या काळात रुंद झालेला. सगळं गाव अकरा मीटर सरकलं होतं. भूकरमापकाने मला झुडपात शिरून शिवेचा दगड दाखवला. तेव्हापासून मी रस्त्याच्या कोपऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

‘मार्ग जरा वळवा ना’ हे तर प्रत्येक बैठकीत ऐकाल. ताशी ३२० किलोमीटरने धावायच्या गाडीला वळणाची त्रिज्या साधारण ६,००० मीटर लागते, एक घर चुकवायला गेलात तर पुढचं गाव येतं. हे कागदावर वर्तुळ काढूनच समजावा, आकडे कोणी ऐकत नाही.

विमानतळाचा इतिहास मात्र पाठच हवा. १,१६० हेक्टर, उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठली. जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड मिळाले. त्याआधीची १२.५ टक्क्यांची योजना शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या १९८४च्या आंदोलनातून आली. जासईच्या त्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. हे ठाऊक नसताना पनवेल-उरणच्या बैठकीत तोंड उघडू नका.

आणि ‘हब’, म्हणजे विमान, बुलेट ट्रेन, लोकल जिथे एकमेकांना जोडायची ती जागा. विद्यार्थी नकाशावर गोल काढतात की झालं हब. बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला, विमानतळ उलव्याला. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ खाडीखालून, त्यावर कोट्यवधी खर्च. पण दिव्याला लोकलमधून दोन बॅगा आणि एक पोर घेऊन उतरलेली बाई म्हातार्डीला कशी पोचणार? एकदा बॅग घेऊन स्वतः चालून बघा. जिने मोजा. पावसाळ्यात जा.

त्या गावाची यादी मी पुन्हा केली, या वेळी नऊ खुणांवर. विहीर आजोबांच्या गटात परत आली, आणि गट पट्ट्यात.