लग्नाच्या नोंदींतून आजी-पणजीच्या माहेरचा शोध

वंशावळ लिहायला बसले की वडील, आजोबा, पणजोबा अशी पुरुषांची साखळी तीन-चार पिढ्या तरी जुळते. घोडे अडते ते आजी-पणजीपाशी, कारण लग्नानंतर त्यांचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदललेले असते. लग्नाच्या नोंदीत मात्र दोन्ही घराणी एकाच कागदावर सापडतात.

शोधाची सुरुवात कचेरीतून नव्हे, घरातल्या जुन्या ट्रंकेतून करावी. लग्नपत्रिकेत वधूचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव व गाव असते आणि खाली निमंत्रकांत चुलते-मामांची नावे मिळतात. त्याहून बोलकी असते ती आहेराची यादी. माझ्या आजीच्या लग्नातील यादीत ‘लासलगावचे मामा, लुगडे 1’ एवढीच ओळ होती. वधूचा मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, तेव्हा पणजीचे माहेर निफाड तालुक्यात शोधायचे हे त्या एका ओळीवरून ठरले. आहेरात आलेल्या पितळी भांड्यांच्या काठावर कोरलेली नावे आणि तारखाही उतरवून घ्याव्यात.

जुन्या पत्रिकांवर शके असते. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, मात्र तिथी जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या काळातील असेल तर 79 मिळवावे लागतात. शके 1874 मधील वैशाखातले लग्न 1952 चे, तर त्याच शकातील माघातले 1953 चे. लग्नसराई नेमकी या दोन्ही काळांत येत असल्याने इथे वर्षाची चूक हमखास होते.

सरकारी नोंदींसाठी आधी लग्नाचे वर्ष आणि ठिकाण निश्चित करावे. महाराष्ट्राचा सध्याचा विवाह नोंदणी कायदा 1998 चा आहे. त्याखालील नोंदी शहरात महानगरपालिकेकडे, तर गावात ग्रामपंचायतीकडे मिळतात. त्याआधी 1953 चा मुंबई विवाह नोंदणी कायदा होता, परंतु त्या काळी फार थोडी कुटुंबे नोंदणीच्या वाटेला जात, त्यामुळे नोंद सापडली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. नोंद मिळाल्यास साक्षीदारांची नावे वगळू नयेत, कारण ते बहुधा नात्यातलेच असतात. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची विवाह नोंदवही आणि मुस्लिम कुटुंबांनी काझींकडील निकाहाचे दफ्तर पाहावे.

नाशिककरांची खरी सोय रामकुंडावर आहे. पंचवटीतील आणि त्र्यंबकेश्वरातील तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळ्या पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या असतात, आणि कोणत्या घराण्याचे उपाध्याय कोण हे मूळ गाव, आडनाव व जात यांवरून ठरते. तेव्हा हल्लीचा पत्ता न सांगता मूळ गाव सांगावे. ही विवाहाची नोंद नव्हे. तरी यात्रेला आलेल्याने आपल्या हाताने लिहिलेली कुटुंबातील नावे तीत असतात, आणि दोन भेटींच्या नोंदींत सुनेचे नाव नव्याने आले असेल तर लग्न त्या दरम्यानचे, एवढे निश्चित धरता येते. जुनी पाने मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा. पणजीच्या माहेरची नावे सासरच्या पानावर शोधत बसू नये; त्या गावाचे उपाध्याय निराळे असू शकतात, त्यांच्याकडे वेगळे जावे. निघण्यापूर्वी उपाध्याय पुढची नावे लिहायला सांगतीलच, तेव्हा घरातल्या सुनांच्या नावांपुढे त्यांचे माहेरचे आडनाव आणि गावही लिहून ठेवावे.