दिव्यांग पेन्शनचा अर्ज अडलाय? या चुका टाळा

सिंधुदुर्गात विधी स्वयंसेवक म्हणून फिरताना दर महिन्याला तीच चूक दिसते. अर्ज अडला की लोक आधी एजंटाकडे जातात, मग ओळखीच्या पुढाऱ्याकडे. वकिलाची आठवण वर्ष वाया गेल्यावर होते.

का, तर "फुकटचो वकील कसलो काम करतलो?" करतो! विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. जाणं जमत नसेल तर 15100 वर फोन करा.

आंब्यावरून पडून कमरेखाली अधू झालेला एक गडी मला भेटला. संजय गांधी निराधार योजनेसाठी त्याने एजंटाला सहा हजार मोजले होते, तेही बायकोची बांगडी गहाण ठेवून. चौदा महिने "साहेबांच्या टेबलावर आसा" एवढंच ऐकत बसला. पोच मागितली तर त्याच्याकडे नव्हती. आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे अर्ज त्रुटीत परत गेला होता. ते कळणार कसं? फॉर्मवर मोबाइल नंबर एजंटाचा! समितीच्या वकिलांनी नवा अर्ज करून दिला आणि पेन्शन मंजूर झाली, पण मधल्या महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्या बांगडीची आठवण झाली की मला अजून राग येतो. फॉर्मवर नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचाच घाला. शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात पडेपर्यंत मी खिडकी सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाही देऊ नका.

दुसरी चूक टक्केवारीची. दिव्यांग प्रमाणपत्रावर पेन्शनला लागणाऱ्या 40 टक्क्यांपेक्षा कमी आलं की माणसं गप्प घरी येतात, नाहीतर जास्त टक्के लावून देणारा शोधतात. हा शोध सोडा, त्यात माणूस फसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 खाली अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. नकार दिला असेल तर कारण लेखी मागा. "नाय होणा" हे तोंडी ऐकून परतलात तर वकील अपील कशावर करणार?

प्रमाणपत्रासाठी तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड कुठल्या वारी बसतो ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. विजयदुर्गाहून अधू माणसाला एसटीने ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेऊन रिकामं परत आणणं फार जिवावर येतं.

आणि कागद कौलारू घरात भिंतीवरच्या पिशवीत टांगू नका. पावसाळ्यात शाई फुटते, बुरशी धरते. मी मूळ कागद झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लावते, आणि प्रत्येकाचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनवर.