एअरगनचा ऑनलाइन रिव्ह्यू विश्वासाचा आहे का, हे कसं तपासावं

साताऱ्या-सांगलीकडे एअरगन घ्यायची तर दुकानं मोजकीच, आणि दुकानात चालवून बघायला सहसा मिळत नाही. त्यामुळे सगळी भिस्त ऑनलाइन रिव्ह्यूवर असते. ते वाचायचे कसे याचा जो सल्ला सगळीकडे फिरतो, "चारच्या वर तारे असले की डोळे झाकून घ्या", तो कुचकामी आहे. रिव्ह्यूत कौतुक किती आहे हे बघण्यात वेळ घालवू नका. त्यातलं काय पडताळता येतं ते शोधा: अंतर किती, छर्रा कोणता, शॉट किती, आणि नेम मारलेला, भोकं पडलेला कागद दाखवलाय का. यातल्या दोन गोष्टी गायब असतील तर पुढे वाचायची गरज नाही.

पायरी 1: तारे सोडून द्या

तारे देणारे बरेचसे लोक पॅकिंग आणि डिलिव्हरीबद्दल लिहितात. शिवाय शोधात 6 मिमी प्लास्टिक गोळ्यांच्या खेळण्यातल्या बंदुकाही येतात, त्यांच्या ताऱ्यांचा इथे काही उपयोग नाही. तारखा मात्र जरूर बघा. एकाच आठवड्यात सारख्याच शब्दांतली स्तुती आणि नंतर कित्येक महिने शुकशुकाट दिसला, तर तिथून उठा. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000:2022 हे मानक आहे, पण ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं.

पायरी 2: पैसे कुणाचे

जानेवारी 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वस्तू फुकट मिळाली, सवलत मिळाली किंवा पैसे घेतले, तर रिव्ह्यू करणाऱ्याने ते ठळकपणे सांगायचं असतं. बंदूक फुकट मिळाली म्हणून रिव्ह्यू खोटा ठरत नाही. पण खाली सवलतीचा कोड आहे आणि तोंडाने एक शब्द नाही, तर ती जाहिरात समजा.

पायरी 3: वेगाचा आकडा गणितात घाला

"1000 एफपीएस" (फूट प्रति सेकंद) हा आकडा एकटा आला तर त्याला काहीच अर्थ नाही. त्याच्या शेजारी छर्ऱ्याचं वजन हवं. हिशेब सोपा आहे. एफपीएसला 0.3048 ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. मग ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2000, म्हणजे ज्यूल.

शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिमी (.177) पर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर एअरगनला परवाना लागत नाही. नेहमीचा शिशाचा छर्रा 0.53 ग्रॅमच्या आसपास असतो. तो 1000 एफपीएसने गेला तर ऊर्जा 24.6 ज्यूल होते. म्हणजे "विनापरवाना" आणि "1000 एफपीएस" हे दोन्ही त्या छर्ऱ्यावर एकत्र खरे असूच शकत नाहीत. 0.53 ग्रॅमला 20 ज्यूलची हद्द साधारण 900 एफपीएसलाच येते. मग आकडा येतो कुठून? 0.35 ग्रॅमचा हलका, बिनशिशाचा छर्रा घातला की 1000 एफपीएसला फक्त 16.3 ज्यूल लागतात. तीच बंदूक नेहमीच्या छर्ऱ्यावर 800 च्या घरात असते. रिव्ह्यू करणारा वजन सांगत नसेल तर त्याने खोक्यावरचा आकडा वाचून दाखवलाय.

नव्या स्प्रिंगच्या बंदुकीत सिलिंडरमधलं जास्तीचं तेल दाबाने पेटतं, धूर येतो, आवाज मोठा होतो आणि वेग फुगतो. म्हणून खोकं उघडल्या उघडल्या क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मारलेले दहा शॉट धरू नका. दोनेकशे छर्रे गेल्यानंतरचं मोजमाप मागा, तेही दहाच्या दहा आकड्यांसकट. नुसता सर्वांत मोठा आकडा सांगणारे पुष्कळ भेटतील.

परदेशी रिव्ह्यू वाचताना आणखी एक गोष्ट बघा. तेच मॉडेल ब्रिटनमध्ये 12 फूट-पाउंडच्या, म्हणजे सुमारे 16 ज्यूलच्या आत विकतात, जर्मनीत 7.5 ज्यूलच्या आत, आणि अमेरिकेत पूर्ण ताकदीने. नाव एक असलं तरी आतली स्प्रिंग वेगळी असते. 5.5 मिमीच्या (.22) बंदुकीचा रिव्ह्यू तर आपल्या कामाचाच नाही, कारण तिला इथे परवाना लागतो.

पायरी 4: कागद वाचा

खरसुंडीच्या बाजारात खिलार घेताना कोणी झूल आणि गोंडे बघून पैसे मोजत नाही, दात बघतात. रिव्ह्यूत दात म्हणजे नेमाचा कागद. आणि लोक सर्वांत जास्त फसतात तेही इथेच, कारण फोटो खरा असतो. खोटं असतं ते त्याच्या भोवतीचं.

सुरुवात मापापासून करा. फोटोत कागद किती मोठा आहे हे कळलं पाहिजे. 10 मीटर एअर रायफलच्या अधिकृत कार्डावरचा काळा भाग 30.5 मिमीचा असतो आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. एअर पिस्तुलाच्या कार्डावरचा काळा भाग 59.5 मिमी आणि दहाचं वर्तुळ 11.5 मिमी. रायफल पिस्तुलाच्या कार्डावर मारली की साधा ग्रुपही (कागदावरचा भोकांचा पुंजका) जागतिक दर्जाचा वाटतो. मधल्या दहाच्या वर्तुळात दोन भोकं शेजारी-शेजारी आरामात मावत असतील तर ते पिस्तुलाचं कार्ड आहे. कार्ड घरी छापलेलं असेल तर भोकालाच माप धरा: चपट्या तोंडाचा छर्रा 4.5 मिमीचं स्वच्छ गोल भोक पाडतो. शेजारी दहाचं नाणं ठेवलं असेल तर उत्तमच, ते 27 मिमीचं असतं. गोल डोक्याच्या छर्ऱ्याचं भोक फाटकं आणि प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतं, त्यावरून माप काढू नका.

मग भोकं मोजा. ग्रुप म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, वजा 4.5 मिमी. ते स्वतः मोजा, लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. "पाच शॉट, एकच भोक" असा फोटो असेल तर पाच शॉट गेले हे कशावरून? एकातून पाच गेले की एकातून दोनच, हे भोक सांगत नाही. तिथे न कापलेला व्हिडिओ हवा, नाहीतर प्रत्येक शॉटसाठी वेगळा ठिपका.

आता मुख्य मुद्दा, शॉटची संख्या. तीन शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, कोणी कितीही मोठा माणूस असो. तीच बंदूक, तोच हात, तेच अंतर धरलं आणि तीन शॉटचा ग्रुप सरासरी 10 मिमी येत असेल, तर पाच शॉटचा सुमारे 13 आणि दहा शॉटचा सुमारे 16 मिमी येतो. बंदूक बिघडलेली नसते. शॉट वाढले की कडेला जाणारे छर्रेही मोजणीत येतात. त्यात दहा ग्रुप मारून सर्वांत बारीक तोच फोटोत लावला, तर आकडा आणखी खोटा होतो आणि फोटो तरीही शंभर टक्के खरा राहतो. म्हणून एका सुंदर कागदापेक्षा एकाच बैठकीतले पाच कागद बघा, आणि पाचांची सरासरी काढा. असे कागद दाखवणारा माणूस सापडला की त्याचे बाकीचे रिव्ह्यूही वाचून काढा.

"हा एक बाहेर गेला, तो माझ्या हाताने हलला" असं वाक्य आलं की तो बाहेरचा छर्राही मोजा. हात प्रत्येकाचाच हलतो. बाहेरचे वगळण्याची सवय ज्याला आहे, त्याचे सगळेच आकडे लहान असतात.

बंदूक कशावर टेकवली होती, हेही विचारा. स्प्रिंगच्या एअरगनला आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का असतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ती हलायला लागते. ती कडक टेबलावर दाबून धरली तर ग्रुप पसरतो. उघड्या तळहातावर सैल ठेवली की तोच ग्रुप आवळून येतो. त्यामुळे "नेम बसत नाही" असं म्हणणाऱ्याने बंदूक आवळून धरली असेल, तर तो दोष बंदुकीचा नाही. पीसीपीला, म्हणजे आधीच टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीला, हा त्रास फारसा नाही.

वारा तर कुणीच लिहीत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. ताशी 15-16 किलोमीटरचा आडवा वारा 25 मीटरवर 4.5 मिमीच्या छर्ऱ्याला इंचभर किंवा जास्तच सरकवतो. उघड्या माळावर मारलेला वाईट कागद आणि बंद शेडमध्ये मारलेला चांगला कागद यांची तुलना करू नका.

अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: 25 मीटरवर रेतीच्या पिशवीच्या आधाराने दहा शॉट, स्प्रिंगची बंदूक 25 ते 30 मिमीमध्ये ठेवत असेल तर ती चांगली आहे. स्वस्त स्प्रिंगची बंदूक 50 मीटरवर एक सेंटिमीटरचा ग्रुप देते असं कोणी म्हणालं तर ते बंद करा.

पायरी 5: अंतर कानांनी तपासा

व्हिडिओचा वेग 0.25 करा आणि बार ते टक् यातला वेळ ऐका. कॅमेरा नेमबाजाजवळ असेल आणि समोर डबा किंवा लोखंडी पट्टी असेल, तर 50 मीटरवर छर्ऱ्याचा प्रवास आणि परतणारा आवाज मिळून साधारण 0.4 सेकंद लागतात, म्हणजे संथ केल्यावर दीड सेकंद. 25 मीटरला संथ केल्यावर पाऊण सेकंद. 10 मीटरला दोन्ही आवाज जवळजवळ एकमेकांना चिकटतात. "पन्नास मीटर" म्हणत दोन्ही आवाज चिकटलेले ऐकू आले, तर बाकीच्या दाव्यांचं काय ते तुम्हीच ठरवा. बार आणि टक् यांच्या मध्येच व्हिडिओ कापला असेल तर तो पुरावा म्हणून धरू नका.

जत्रेतल्यासारखे फुगे फोडणं, बाटल्या उडवणं, प्लायवूडमधून छर्रा आरपार काढणं, याने नेमाबद्दल काहीच कळत नाही. आणि नुसता आवाज ऐकवण्यासाठी स्प्रिंगची बंदूक बिनछर्ऱ्याची चालवणारा दिसला तर तिथेच थांबा. समोर हवेचा रोध नसल्याने पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. एवढं ज्याला माहीत नाही, त्याच्या मताला किंमत नाही.

पायरी 6: हवामान, पण फक्त सीओटूसाठी

12 ग्रॅमच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कॅप्सूलवर चालणाऱ्या पिस्तुलाचा रिव्ह्यू कुठल्या महिन्यातला आहे ते बघा. कॅप्सूलमधला दाब 10 अंशाला सुमारे 45 बार असतो आणि 30 अंशाला 72 बार. सांगलीत एप्रिलच्या दुपारी मोजलेला वेग साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी मिळणार नाही.

पायरी 7: तक्रारी वाचा, पण निवडून

"बेकार, पैसे वाया" यातून काही हाती लागत नाही. कामाची तक्रार भागाचं नाव घेते आणि किती छर्ऱ्यांनंतर ते सांगते: नळी जिथे मिटते तिथलं सील गळतंय, सातशे छर्ऱ्यांनंतर स्प्रिंग तुटली, नळी खाली झुकलेली असल्याने स्कोपचं (नेमाच्या दुर्बिणीचं) समायोजन संपलं. सील तपासायला त्या जोडावर टिश्यूचा तुकडा ठेवून शॉट मारलेला दिसला, तर तो माणूस जाणकार आहे. "स्कोप आठवड्यात फुटला" ही तक्रार मात्र बहुधा स्कोपची असते. स्प्रिंगचा उलटा धक्का सोसण्यासाठी न बनवलेला स्कोप कुठल्याही स्प्रिंगच्या बंदुकीवर टिकत नाही. तोच भाग तीन वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत सांगितला असेल तर तो दोष खरा धरा.

पायरी 8: पाखरांवर मारणारा लगेच वगळा

तासगावकडच्या द्राक्षबागेत पाखरं आणि वाईकडच्या शेतात वानरं त्रास देतात, हे खरं आहे. पण त्यांच्यावर एअरगन चालवून दाखवणारा रिव्ह्यू हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खालच्या गुन्ह्याचा पुरावा आहे. त्यावरून बंदूक घेऊ नका आणि तसा वापरही करू नका. बागेला जाळी लावा.

शेवटची पायरी: विचारा, मग मोजा

उरलेल्या दोन-तीन रिव्ह्यूंच्या खाली एकच प्रश्न टाका: "छर्ऱ्याचं नाव आणि वजन, अंतर, शॉट किती, बंदूक कशावर टेकवली होती?" उत्तर "भाऊ, एक नंबर आहे, घेऊन टाका" असं आलं तर तो रिव्ह्यू काढून टाका. आकडे आले तर तो ठेवा, आणि पहिल्यांदा त्याच नावाचा छर्रा मागवा. छर्रा बदलला की ग्रुप बदलतो, आणि मग रिव्ह्यूशी तुलनाच करता येत नाही.

बंदूक आली की आधी दस्त्याचे स्क्रू आवळा, दोनेकशे छर्रे जाऊ द्या, मग त्याच अंतरावर दहा-दहाचे तीन कागद मारा. मागे जाड लाकूड किंवा रेतीची पेटी, डोळ्यांवर चष्मा. तिन्हींची सरासरी रिव्ह्यूच्या दहा शॉटच्या ग्रुपच्या दीडपटीत असेल तर ठीक. त्याहून मोठी आली तर धरण्याची पद्धत बदलून पुन्हा मारा, आणि तरीही फरक पडला नाही तर परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी कागदांचे फोटो आणि बिल घेऊन विक्रेत्याला लेखी कळवा. तो टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मूळ खोकं तोपर्यंत फेकू नका.