दिनविशेषाचा फळा लिहायचाय? मग फॉरवर्ड बाजूला ठेवा

शाळेचा परिपाठ असू दे, ऑफिसचा बोर्ड असू दे नायतर अपार्टमेंटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दिनविशेषाचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याचं ठरलेलं असतं, रात्री आलेला फॉरवर्ड उघडायचा, त्यात पंधरा-वीस ओळी, एक जागतिक दिन, चार जयंत्या, पाच पुण्यतिथ्या, कुठल्या तरी देशाचा स्वातंत्र्यदिन, आणि तो तसाच्या तसा पुढं ढकलायचा. वाचत कोणीच नाही. आणि तो फॉरवर्ड करणाऱ्याला सोलापूर कुठं आहे हे पण माहीत नसतं, खरी अडचण ती आहे.

१२ जानेवारीच बघा. फॉरवर्डमध्ये हमखास काय असतं, तर जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती, राष्ट्रीय युवा दिन. तिन्ही बरोबर. पण याच तारखेला १९३१ साली येरवडा जेलात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली, आपल्या सोलापूरची चार माणसं, आणि त्यांचं नाव त्या यादीत शोधून सापडत नाही. याच चौघांच्या चार पुतळ्यापाशी रिक्षा थांबवतो आपण, पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं जातो, आणि फळ्यावर मात्र त्यांना जागा नाही, हे काय बरोबर नाही राव. मी असा लिहीन:

१२ जानेवारी
सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन (१९३१): मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. त्या लढ्यातली ही फाशी.
राजमाता जिजाऊ जयंती (१५९८)
स्वामी विवेकानंद जयंती (१८६३), म्हणून राष्ट्रीय युवा दिन

बास. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, त्याच आठवड्यात असतो, सगळं गाव होम मैदानाकडं चाललेलं असतं, त्यामुळं जास्त लिहिलं तर कोण थांबून वाचणार पण नाही.

आता हे बसवायचं कसं. एक जाड वही घ्या, एका तारखेला एक पान, आणि वर्षभर जे सापडेल ते त्या पानावर टिपत जायचं. गुगल शीट पण चालेल पण वही बरी, नेट नसलं तरी उघडते. प्रत्येक नोंदीपुढं हा दिवस ठरवला कोणी ते लिहायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, भारत सरकारनं ठरवलेला, महाराष्ट्र शासनाचा, की नुसता लोकांनी पाडलेला. संयुक्त राष्ट्रांच्या साइटवर सगळ्या आंतरराष्ट्रीय दिनांची यादी आहे, तिथं नाव असलं तर प्रश्न मिटला. राज्याचं सोपं आहे, दरवर्षी सामान्य प्रशासन विभाग सरकारी ऑफिसांसाठी जयंत्यांचं परिपत्रक काढतो, ते डाउनलोड करून वहीतच चिकटवून टाका. कुठंच सापडलं नाही म्हणजे तो दिवस खोटाच असं नाही हं, १९ नोव्हेंबरचा पुरुष दिन जगभर पाळतात पण संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो नाही, त्याच तारखेचा जागतिक शौचालय दिन मात्र आहे (हसू नका, २०१३ सालचा ठराव आहे). अशा वेळी दिन लिहा, फक्त संयुक्त राष्ट्रांचं नाव उगाच चिकटवू नका. आणि चॉकलेट डे, टेडी डे वगैरे दुकानदारांनाच लखलाभ.

सगळ्यात जास्त घोळ जुळ्या दिवसांचा. युवा दिन दोन, भारताचा १२ जानेवारी आणि आंतरराष्ट्रीय १२ ऑगस्ट, आणि फॉरवर्डवाले जानेवारीतच 'आंतरराष्ट्रीय' लावून मोकळे होतात. शिक्षक दिन आपला ५ सप्टेंबर, जागतिक ५ ऑक्टोबर. बालदिन आपला १४ नोव्हेंबर, जागतिक २० नोव्हेंबर. मुलींचं तर विचारूच नका, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती म्हणून महाराष्ट्रात बालिका दिन, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय. मराठीचं पण तसंच, २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन, राजभाषा दिन १ मेला, तरी दरवर्षी २७ला कोणीतरी 'राजभाषा दिन' लिहिलेला बॅनर लावतंच. वहीत या जोड्या लाल पेनानं एकमेकीसमोर लिहून ठेवा, म्हणजे गुरुजींपुढं लाज जायची नाही.

कारण पण तपासायचं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तो सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस म्हणून नाही, ते जन्मले ७ नोव्हेंबरला. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. ही चूक शिकली-सवरलेली माणसं पण करतात. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन, १९०५ साली त्या दिवशी कलकत्त्यात स्वदेशी चळवळ सुरू झाली म्हणून, आणि सोलापूरकर लगेच चादरीचा फोटो टाकतो. अहो, चादर आता बहुतेक यंत्रमागावर निघते की! फोटो टाकायचाच तर हातमागाचा टाका, पूर्व भागात अजून एखादा विणकर आजोबा भेटतील, त्यांनाच विचारून काढा.

तिथीवाल्यांना वेगळी यादी करा, वहीच्या मागच्या पानांवर. बसवेश्वर जयंती अक्षय्य तृतीयेला, मार्कंडेय महामुनींचा रथ नारळी पौर्णिमेला, आषाढी तर आपल्याच जिल्ह्यातली, यांची तारीख दरवर्षी सरकते, नवं कॅलेंडर आलं की पहिल्यांदा हे भरून घ्यायचं. शिवजयंती शासनाची १९ फेब्रुवारीला आणि तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला, दोन्ही लिहा आणि वादात पडू नका, फळा हा वादाला पुरत नाही.

लिहिताना सूर सांभाळा. 'हुतात्मा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' वाचलेत मी, एकदा नाही. शुभेच्छा सणाला आणि वाढदिवसाला, पुण्यतिथीला अभिवादन. एकाच तारखेला आनंदाचं आणि दुःखाचं आलं तर मधे रेघ मारा. २६ नोव्हेंबर म्हणजे संविधान दिन, अमूलवाल्या वर्गीस कुरियन यांच्या जयंतीमुळं राष्ट्रीय दूध दिन, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या शहिदांचा पण दिवस. दुधाच्या पिशवीचं चित्र आणि तुकाराम ओंबळेंचं नाव शेजारी शेजारी बरं दिसत नाही. मी त्या दिवशी संविधान वर घेतो, शहिदांना अभिवादन खाली वेगळ्या चौकटीत, आणि दूध चक्क सोडून देतो.

निवडायचं कसं म्हणाल तर पहिलं गावाचं, मग राज्य-देशाचं, मग जगाचं, आणि जास्तीत जास्त तीन. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, तो लिहाच, पण १९१० साली याच तारखेला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला वैद्यकीय पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, त्याच रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या किती पोरांना हे माहितीय विचारा. २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन, १९५२ साली ढाक्यात बांग्लासाठी पोरांनी जीव दिला त्याची आठवण, तेव्हा फळ्यावर नुसती मराठी कशाला, वर्गातल्या पोरांनाच खडू द्या, कोण कन्नडमध्ये लिहील, कोण तेलुगूमध्ये, कोण उर्दूत, अख्खं सोलापूर एका फळ्यावर येतं आणि त्या दिवशी कोणी न वाचता पुढं जात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच दिनांना दरवर्षी नवी थीम असते, पर्यावरण दिनाला ५ जूनला तर असतेच, ती मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायची नाही, नव्यानं बघायची. आणि ज्या तारखेला धड काहीच नसतं तिथं ओढूनताणून 'जागतिक अमुक दिन' घुसवू नका, पाणी कधी सुटणार ते लिहा, सोलापुरात ते सगळ्यात जास्त वाचतात. पानावर खाली दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या, कोणीतरी येऊन सांगतंच, सर, आमच्या गल्लीत पण एक स्वातंत्र्यसैनिक होते की वो. नाव लिहून घ्या, तारखेचा कागद आणायला सांगा, आणि कागद आल्यावरच फळ्यावर घ्या.