टेप लवकर फुल होते? बॅकअप घेताना या चुका टाळा

"भाऊ, सव्वासहा टीबीची टेप घेतली अन् अडीचलाच फुल दाखवून राहिली, डुप्लिकेट माल दिला का काय?" यवतमाळहून येवो नाहीतर मेहकरहून, एलटीओ टेप, म्हणजे कॉम्प्युटरच्या बॅकअपची चुंबकीय टेप, नवीनच घेतलेल्या माणसाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. गावाकडं टेप कोण वापरते असं पुण्यामुंबईच्या लोकांना वाटते, पण तालुक्याच्या गावातला लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओवाला, पतसंस्था, कॉलेजची लायब्ररी, ड्रोनने शेताचे फोटो काढणारी पोरं, यांचा डेटा आता टीबीत (टेराबाइटमधे) गेला आहे अन् तो क्लाउडवर चढवायचा तर इथल्या नेटवर महिना निघून जाईल, मग सेकंडहँड एलटीओ-६ किंवा ७ चा ड्राईव्ह घेतात अन् तिथून ही भानगड सुरू होते.

तर माल डुप्लिकेट नाही. एलटीओ-६ च्या डब्यावर दोन आकडे असतात, २.५ टीबी अन् ६.२५ टीबी. खरी जागा २.५ चीच, तिला नेटिव्ह म्हणतात. ६.२५ हा कंपन्यांनी धरलेला अंदाज, की तुमचा डेटा अडीच पट दाबला जाईल. एलटीओ-५ पर्यंत हा अंदाज दुपटीचा होता (१.५ टीबीचे ३ टीबी), २०१२ मध्ये एलटीओ-६ आली तेव्हा ड्राईव्हमधलं कम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबणं, सुधारलं अन् तेव्हापासून अडीच पट छापून राहिले. एलटीओ-७ म्हणजे ६ अन् १५, एलटीओ-८ म्हणजे १२ अन् ३०, एलटीओ-९ म्हणजे १८ अन् ४५. दुकानदार मोठाच आकडा सांगणार, अन् डब्यावरही तोच ठळक असते. तुम्ही मात्र कोटेशन मागवताना, टेपा मोजताना, लहान आकडाच धरा. मोठा आकडा नाहीच असं समजून चाला.

काय दबते, काय दबत नाही

जिनिंगमधे रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, ती बांधलेली गाठ पुन्हा प्रेसमधे टाकली तर काय होणार, काहीच नाही. डेटाचं तसंच. मोबाईल-कॅमेऱ्याचे जेपीजी फोटो, एमपी४ व्हिडिओ, झिप फायली, हे आधीच दाबलेले असतात, त्यात फालतू जागा उरलेलीच नसते. कॅमेऱ्याच्या रॉ फायलीही बहुतेक आतून दाबलेल्याच असतात. वर्ड-एक्सेलच्या नव्या फायली म्हणजे आतून झिपच, स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. म्हणून स्टुडिओवाल्याची टेप अडीचला फुल झाली तर ती बरोबरच भरली आहे, तक्रार कशाची करता.

उलट साधा मजकूर, लॉग, सीएसव्ही, डेटाबेसचा डम्प, अनकम्प्रेस्ड टिफ, हे मस्त दबते. पतसंस्थेचा डेटा दुप्पट-तिप्पट दबला तर नवल नाही. पण तिथंही एक गंमत आहे, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या बॅकअपमधे कम्प्रेशनचा पर्याय कोणीतरी ऑन करून ठेवलेला असतो, मग ती फाईल आधीच दाबून आली अन् टेपला दाबायला काही राहिलंच नाही, अन् लोकं म्हणतात काहून बाप्पा, आमचा तर डेटाबेस आहे मग रेशो (किती पट दबला तो आकडा) १ काहून दाखवते. बॅकअप कुठं दाबला जातो ते आधी पाहा.

अंदाजच लावायचा तर सोपा उपाय आहे. तुमच्या खऱ्या डेटातून १०-२० जीबीचा नमुना काढा, सगळ्या प्रकारच्या फायली त्यात येऊ द्या, अन् जीझिप या फायली दाबायच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्यात फास्ट लेव्हलवर दाबून पाहा. तिथं दबला नाही तर टेपवर दबणार नाही, अन् तिथं निम्मा झाला तरी टेपवर त्यापेक्षा किंचित कमीच दबेल असं धरा. नमुना म्हणून व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरमधे चालणाऱ्या कॉम्प्युटरची) रिकामी डिस्क नका घेऊ, त्यात सगळे शून्यच शून्य असतात अन् ८ पट, १० पट असा रेशो येते की माणूस दोनच टेपा मागवून बसते. एकदा टेपवर लिहिलं की ड्राईव्ह स्वतःच लॉगमधे सांगते किती आला अन् किती लिहिला, बॅकअप सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधेही तो रेशो दिसते, पुढच्या वर्षीची खरेदी त्या आकड्यावर करा.

दोनदा दाबणं, अन् आधी कुलूप मग दाबणं

सॉफ्टवेअरमधेही कम्प्रेशन ऑन, ड्राईव्हमधेही ऑन, डबल फायदा होईल असं वाटते. होत नाही. ड्राईव्ह तसा हुशार आहे, दबत नसलेला डेटा आला की तो तसाच पुढं सोडते, म्हणून दोनदा दाबल्याने डेटा फार फुगत नाही, तेवढं नुकसान नाही. पण जुन्या सर्व्हरवर जीझिप लावलं की प्रोसेसर दमते, अन् टेपला डेटा थेंबथेंब जाते, त्याचं दुखणं पुढं सांगतो. सर्व्हर दणकट असेल, आठ-दहा कोर रिकामे असतील तर झेडस्टँडर्डसारखं सॉफ्टवेअर कम्प्रेशन ड्राईव्हपेक्षा जास्त दाबते हेही खरं, तेव्हा ते वापरा. पण दोनपैकी एकच. अन् एक अडचण लक्षात ठेवा, अख्खा टीबीचा बॅकअप एका जीझिप फायलीत दाबला अन् मधात कुठं वाचताना एरर आला तर त्याच्या पुढचं सगळं गेल्यातच जमा.

इन्क्रिप्शनचं, म्हणजे डेटाला कुलूप लावण्याचं, उलटं होते. काही लोकं सॉफ्टवेअरने आधी डेटा इन्क्रिप्ट करतात अन् मग टेपला पाठवतात. इन्क्रिप्ट झालेला डेटा म्हणजे नुसता गोंधळ, त्यात पुन्हा येणारं काहीच नसते, त्याच्यातून ड्राईव्हला एक जीबीही वाचवता येत नाही. एलटीओ-४ पासून, म्हणजे २००७ पासून, ड्राईव्हमधेच एईएस-२५६ पद्धतीचं इन्क्रिप्शन आहे, ते आधी दाबते अन् मग कुलूप लावते. पतसंस्थेसारख्या ठिकाणी तेच वापरा, कुलूपही लागते अन् जागाही वाचते.

आणखी एक गैरसमज असा की एकच व्हिडिओ तीन फोल्डरमधे पडला असला तरी टेप ओळखून घेईल. नाही ओळखत. ड्राईव्हच्या कम्प्रेशनला मागचा फार थोडा डेटा आठवते, एलटीओ-६ पासून १६ केबी, त्याआधी तर १ केबीच. पंधरा जीबी मागं तीच फाईल लिहिली होती हे त्याच्या गावीही नसते. डुप्लिकेट फायली तुम्हीच आधी काढा. अन् बॅकअप डीडुपवाल्या, म्हणजे सारखा डेटा एकदाच ठेवणाऱ्या, स्टोरेजवर ठेवला असेल अन् तिथं ४ टीबी दिसत असेल तर तेवढ्याच टेपा मागवू नका, सॉफ्टवेअर टेपवर पाठवताना तो डेटा परत फुगवून पाठवत असेल तर ४ चे १० ही होऊ शकतात.

स्पीड

सगळ्यात जास्त लोकं इथं मार खातात अन् दोष टेपला देतात. एलटीओ-६ चा नेटिव्ह स्पीड सेकंदाला १६० एमबी, म्हणजे पूर्ण टेप भरायला साधारण सव्वाचार तास. डेटा हळू आला तर ड्राईव्ह आपला वेग कमी करते, पण त्यालाही खालची मर्यादा आहे, मॉडेलप्रमाणे ४०-५५ एमबीच्या आसपास. त्याच्याही खाली गेलं की ड्राईव्ह थांबते, टेप मागं घेते, पुन्हा पुढं पळवते, थांबते, मागं घेते. बाहेरून खर्रर-खर्रर आवाज येते, त्याला शू-शायनिंग म्हणतात. टेप झिजते, टेपवर लिहिणारं-वाचणारं हेड झिजते, अन् सव्वाचार तासाचं काम रात्रभर चालते.

आता कम्प्रेशन यात कुठं आलं ते पाहा. डेटा दुप्पट दबत असेल तर टेपवर १६० लिहायला कॉम्प्युटरकडून ३२० यायला पाहिजे, अन् ती खालची मर्यादा पण दुप्पट होते, ५० ची १००. गिगाबिट नेटवर्कवरून खरा स्पीड ११०-११५ च्या वर जात नाही, म्हणजे तुम्ही काठावर उभे आहात. त्यात लाखो बारक्या फायली असल्या की साध्या हार्ड डिस्कचा स्पीड २०-३० वर येते. म्हणून बारक्या फायलींचा आधी लोकल एसएसडीवर एक टार (सगळ्या फायलींची मिळून एकच फाईल) बनवा अन् तो सरळ टेपवर सोडा. टेपचा ड्राईव्ह ज्या मशीनला लागला आहे तिथंच डेटा आधी आणून ठेवा, वायफायवरून तर टेपला बॅकअप देऊच नका, करणारे आहेत म्हणून सांगतो.

हिशेबातल्या बारीक चुका

विंडोजमधे फोल्डर २.४ टीबी दिसते, टेप २.५ ची, बसलं पाहिजे ना? नाही बसत. विंडोज १०२४ ने भागते अन् टेपवाले १००० ने. विंडोजचे २.४ म्हणजे टेपच्या भाषेत जवळपास २.६४. विंडोजच्या हिशेबात तुमची टेप २.२७ चीच आहे, तेवढंच धरून चाला.

एलटीएफएस वापरत असाल, म्हणजे टेप पेनड्राईव्हसारखी उघडून फायली टाकत असाल, तर त्यातल्या इंडेक्सला, म्हणजे फायलींच्या यादीला, वेगळी जागा जाते, म्हणून फॉरमॅट केल्यावर थोडी कमीच दिसेल. दुसरं, तिथं फाईल डिलीट केली तर ती यादीतून जाते, जागा परत येत नाही. टेप पुढंच लिहीत जाते. जागा पाहिजे तर अख्खी टेप फॉरमॅट करा. बॅकअप सॉफ्टवेअरचंही असंच, जुना बॅकअप एक्स्पायर झाला म्हणून मधली जागा रिकामी होत नाही, टेपवरचं सगळंच एक्स्पायर झालं तेव्हाच ती पुन्हा पहिल्यापासून लिहिता येते.

अन् लिनक्सवाल्यांनो, याच्या उलटी तक्रार कोणी करत नाही पण ती जास्त भयंकर आहे, टेप कधीच भरत नाही! एसटी-शून्य (st0) नावाचं डिव्हाईस वापरलं की काम संपताच टेप आपोआप रिवाइंड होते, मग दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसते, तिसरा दुसऱ्याच्या. एकावर एक जोडत जायचं असेल तर एनएसटी-शून्य (nst0) वापरा. टेप बरेच महिने भरली नाही म्हणून खूश असाल तर आजच जाऊन यादी काढून पाहा.

खोक्यात एलटीओ-५ ची टेप मिसळून आली तर एलटीओ-६ च्या ड्राईव्हमधे ती चालते, पण १.५ टीबीच घेते, लेबल वाचत जा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राईव्ह दोन पिढ्या मागचं वाचत, एलटीओ-८ पासून ते बंद झालं, ८ चा ड्राईव्ह ६ ची टेप वाचणार नाही. स्वस्तात मिळते म्हणून ड्राईव्ह बदलण्याआधी कपाटातल्या टेपा कोणत्या आहेत ते मोजा.

धूळ, कापूस, कूलर

मागच्या वर्षी तोच डेटा २.४ टीबीपर्यंत बसला अन् आता २.१ लाच फुल, असं झालं तर कम्प्रेशनला दोष नका देऊ. ड्राईव्ह लिहिताना लगेच वाचून पाहते, खराब निघालं की तेच पुन्हा पुढं लिहिते, म्हणजे तेवढी जागा वाया. हेड घाण झालं, टेप जुनी झाली की हे वाढत जाते अन् वरून फक्त जागा कमी झाल्यासारखी दिसते. आपल्याकडं कापसाच्या सीझनमधे जिनिंगच्या आसपास हवेत जे उडत असते ते सगळं फॅनवाटे ड्राईव्हमधे जाते. मशीन रोडच्या खिडकीपासून दूर ठेवा, अन् ड्राईव्हने क्लीनिंगचा लाईट दिला की क्लीनिंग कार्ट्रिज लावा. लाईट नसताना दर सोमवारी हौस म्हणून नका लावू, त्यानेही हेड घासते. क्लीनिंग कार्ट्रिज किती वेळा चालते ते त्याच्या डब्यावर असते, संपलेलं लावून उपयोग नाही.

अकोला-चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. टेपा वर्षानुवर्षं ठेवायच्या तर साधारण १६ ते २५ डिग्री अन् २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ४५ च्या वर जाते. मग लोकं उपाय काय करतात, त्या खोलीत डेझर्ट कूलर लावतात! कूलर पाणी उडवते, खोली थंड होते पण दमट होते, टेपला ते आणखी वाईट. एसी असलेल्या खोलीत ठेवा, अन् उन्हातून गाडीत आणलेली टेप लगेच ड्राईव्हमधे नका घालू, त्याच खोलीत एक दिवस राहू द्या. एलटीओ-९ घेतली असेल तर नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राईव्ह तिची जुळवणी करते, त्याला दोन तासही लागू शकतात, हँग झालं म्हणून बटण दाबून बंद करू नका. अन् यूपीएस पाहिजेच, कारण एलटीएफएसमधे लाईट गेली तर शेवटचा इंडेक्स लिहायचा राहून जाते अन् मग रिकव्हरी करत बसावं लागते.

"कम्प्रेशन बंद केलं तर जुन्या दाबलेल्या टेपा वाचता येतील का?" हेही बरेच जण विचारतात. येतात. ड्राईव्हने दाबलेला डेटा ड्राईव्ह स्वतः ओळखून उलगडते, वाचताना काही सेटिंग लागत नाही, दुसऱ्या कंपनीच्या एलटीओ ड्राईव्हमधेही चालते. सॉफ्टवेअरने दाबलेलं असेल तर ते सॉफ्टवेअर पाहिजे, म्हणून कशाने दाबलं ते कार्ट्रिजच्या लेबलवर पेनाने लिहून ठेवा, अन् इन्क्रिप्शनची की कागदावर उतरवून टेपांच्या कपाटात न ठेवता दुसऱ्या जागी ठेवा.